ठोका चुकतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न, हृदयरोगतज्ज्ञांची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत हृदयाच्या ठोक्यांविषयीची पत्रे बरीच होती, म्हणून हे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे वाचताना एक गोष्ट सतत जाणवत राहिली. ज्यांच्या छातीत जोराने धडधडते ते धास्तावलेले आहेत, आणि ज्यांना काहीच जाणवत नाही ते निर्धास्त आहेत. वैद्यकीय हिशेब मात्र पुष्कळदा याच्या उलट लागतो. धडधड किती जोराची आहे यावर धोका ठरत नाही. त्या वेळी ईसीजीच्या कागदावर कोणता ठोका उमटला, हृदयाचा स्नायू आणि झडपा कशा आहेत, आणि रुग्णाची शुद्ध कधी हरपली होती का, यांवर तो ठरतो. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे गाळली आहेत. उत्तरे वाचून चालू औषधात परस्पर बदल कोणीही करू नये.

प्रश्न : मी ३४ वर्षांची शिक्षिका आहे. गेली काही वर्षे मला अधूनमधून अचानक धडधड सुरू होते. कधी फळ्यावर लिहिताना, कधी पडलेला खडू उचलायला वाकल्यावर, बटण दाबल्यासारखी ती सुरू होते आणि तशीच एकदम थांबते. तेवढा वेळ गळ्यातही ठोके आपटतात आणि नंतर वारंवार लघवीला जावे लागते. दोन डॉक्टरांनी ईसीजी आणि टूडी इको केले. दोन्ही नॉर्मल आले. ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून झोपेची गोळी दिली. हा खरोखर मनाचा आजार आहे का? (नाशिक)

उत्तर : तुम्ही चार ओळींत जे वर्णन केले आहे, तेच निम्मे निदान आहे. मनावरच्या ताणाने वाढलेले ठोके हळूहळू वाढतात आणि हळूहळूच उतरतात. एका क्षणात सुरू होऊन एका क्षणात थांबणारी, गळ्यात आपटणारी आणि ओसरल्यावर भरपूर लघवी होणारी धडधड ऐकली की हृदयातील विद्युत्प्रवाहाच्या फेऱ्याचा संशय प्रथम घ्यावा लागतो. या विकाराला एसव्हीटी म्हणतात. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसतो, आणि नेमक्या याच स्त्रियांना ‘टेन्शन’चा शिक्का मारून घरी पाठवले जाण्याचे प्रमाणही जास्त असते, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून, म्हणजे अलिंदांतून, खालच्या निलयांकडे जाणारा विद्युत्संदेश एका लहानशा गाठीतून जातो. सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने १९०६ मध्ये जर्मनीत काम करत असताना तिचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. काही जणांमध्ये या गाठीत शिरायला जन्मतःच दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ. एखादा अवेळी ठोका नेमक्या क्षणी पडला, की संदेश एका वाटेने खाली उतरतो, दुसरीने वर चढतो आणि तिथल्या तिथे गरगरत राहतो. मिनिटाला १५० ते २२० ठोके पडू लागतात. फेरा तुटला की सारे पूर्ववत. म्हणूनच दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला ईसीजी नॉर्मल येतो. तो खोटा नसतो, फक्त भलत्या वेळी काढलेला असतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे झटका चालू असताना ईसीजी मिळवणे. शाळेपासून दहा मिनिटांच्या आत ईसीजीची सोय असलेला दवाखाना कोणता, हे आजच पाहून ठेवा. तिथे पोचल्यावर इंजेक्शन देण्यापूर्वी ईसीजीची पट्टी काढण्याचा आग्रह धरा आणि तिचा फोटो फोनमध्ये ठेवा. झटके महिन्या-दोन महिन्यांनी येत असतील, तर २४ तासांच्या होल्टर तपासणीत (अंगावर लावलेल्या यंत्राने सतत ईसीजी नोंदवत राहण्यात) ते सापडण्याची शक्यता थोडी असते. त्याऐवजी एक-दोन आठवडे छातीला चिकटवून ठेवायची पट्टी किंवा बोटे टेकवून ईसीजी काढणारे छोटे यंत्र अधिक उपयोगी पडते.

झटका थांबवण्याचा एक घरगुती पण शास्त्रीय उपाय आहे. अर्धवट टेकून बसावे, १० मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडातून दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकावे, आणि लगेच पाठीवर आडवे व्हावे. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने दोन्ही पाय ४५ अंशांपर्यंत उचलून १५ सेकंद धरावेत. इंग्लंडमधील रुग्णालयांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचा ठोका पूर्ववत झाला. पाय न उचलता नुसते फुंकणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. डोळ्यांची बुबुळे दाबण्याचा जुना प्रकार मात्र कधीही करू नये. घरी जमले नाही तर रुग्णालयात ॲडेनोसिनचे इंजेक्शन शिरेतून झपकन दिले जाते. त्याचा असर काही सेकंदांतच संपतो, पण तेवढ्या सेकंदांत छाती आवळल्यासारखी होऊन ‘आता संपले’ असे वाटते. दम्याचा त्रास असल्यास आधी सांगावे.

निदान कागदावर पक्के झाले, की रोजची गोळी घेत राहायचे की ॲब्लेशन करून घ्यायचे, हे तुम्ही ठरवायचे आहे. ॲब्लेशनमध्ये मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेऊन ती जादा संथ वाट उष्णतेने बंद करतात. यश ९५ टक्क्यांच्या वर असते. मूळ गाठीलाच इजा होऊन पेसमेकर (ठोके चालू ठेवणारे यंत्र) बसवावा लागण्याचा धोका साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी. तुमच्या वयात आयुष्यभर गोळ्या घेण्यापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो. झोपेच्या गोळीचा या आजाराशी काही संबंध नाही. मात्र ती नियमित घेत असाल, तर एकदम न थांबवता डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करत न्या.

प्रश्न : वय ७१. रक्तदाब आणि मधुमेह आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी केली तेव्हा नाडी अनियमित लागली आणि ईसीजीत ‘एएफ’ निघाले. मला कसलाही त्रास नाही, रोज टेकडी चढतो. तरी रक्त पातळ करणारी महागडी गोळी आयुष्यभर घ्यायला सांगितली आहे. शेजारच्या काकांना अशाच गोळीने नाकातून रक्त आले होते. त्याऐवजी साधी ॲस्पिरिन चालणार नाही का? (सातारा)

उत्तर : ॲस्पिरिन चालणार नाही. कारण सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागातही रोज विचारला जातो.

एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे एका लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. रक्त पुढे ढकलण्याचे बरेचसे काम खालचे कप्पे करत असल्यामुळे माणूस टेकडीही चढू शकतो. मात्र डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीएवढा एक कोनाडा असतो. थरथरणाऱ्या कप्प्यात तिथले रक्त साचून राहते आणि गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. एएफ असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो, आणि अशा गुठळ्या मोठ्या असल्यामुळे तो पक्षाघातही मोठाच असतो. त्रास जाणवतो की नाही याच्याशी गुठळीला काही देणेघेणे नाही. किंबहुना तुमच्यासारख्या विनातक्रार रुग्णाची मला अधिक काळजी वाटते, कारण हात-पाय लुळा पडणे हेच कित्येकदा त्याचे पहिले लक्षण ठरते.

गोळी कोणाला द्यायची हे गुण मोजून ठरवतात. हृदयाची कमजोरी, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी १ गुण, वय ६५ ते ७४ असल्यास १ आणि ७५ वा त्याहून अधिक असल्यास २, पूर्वी पक्षाघात होऊन गेला असल्यास २. पूर्वी स्त्री असण्यालाही १ गुण होता. युरोपीय तज्ज्ञांनी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तो काढून टाकला. तुमचे गुण ३ होतात, आणि २ किंवा त्याहून जास्त गुण असतील तर गोळी द्यावी असे या सूचना सांगतात.

आता ॲस्पिरिनविषयी. २०११ मध्ये सुमारे साडेपाच हजार रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्त पातळ करणारे जुने औषध वॉरफरिन घेणे ज्यांना शक्य नव्हते अशा एएफच्या रुग्णांपैकी काहींना ॲस्पिरिन आणि काहींना ॲपिक्साबॅन हे रक्त पातळ करणारे नवे औषध दिले होते. पक्षाघात व तत्सम गुठळ्यांचे प्रमाण ॲस्पिरिन घेणाऱ्यांत वर्षाला ३.७ टक्के, तर ॲपिक्साबॅन घेणाऱ्यांत १.६ टक्के निघाले. मोठ्या रक्तस्रावाच्या प्रमाणात मात्र दोघांत फारसा फरक नव्हता. म्हणजे ॲस्पिरिन घेतल्याने रक्तस्रावाची भीती तशीच उरते आणि संरक्षण अर्ध्याहून कमी मिळते. ‘निदान काहीतरी घेतोय’ या समाधानापलीकडे त्यात काही नाही.

शेजारच्या काकांची गोष्ट खरी असेल, पण त्यांनी सोबत गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेतली होती का, हे विचारून पाहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या जोडीला औषधांच्या दुकानातून आणलेली वेदनाशामके आणि ताब्यात नसलेला रक्तदाब यांमुळे रक्तस्रावाचा धोका चांगलाच वाढतो. दुखण्यावर पॅरासिटेमॉल घ्यावे. किरकोळ नाकाच्या रक्ताला पाच-दहा मिनिटे नाकपुड्या दाबून धरणे पुरते. गोळी कायमची बंद करण्याचे ते कारण नाही. काळी शौच, लघवीतून रक्त किंवा डोक्याला मार लागल्यास मात्र थेट रुग्णालयात जावे.

काही व्यवहारी गोष्टी. ॲपिक्साबॅन दिवसातून दोन वेळा घ्यायचे असते आणि त्याचा असर लवकर उतरतो, त्यामुळे संध्याकाळची गोळी चुकवणे अंगलट येते. रिव्हरोक्साबॅन भरल्या पोटीच घ्यावे, नाहीतर ते नीट शोषले जात नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून पाण्यात मिसळू नये आणि आठवड्याच्या डबीत काढूनही ठेवू नये, ती मूळ पाकिटातच ठेवावी. मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिन तपासावे. वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी आणि क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, यांपैकी दोन गोष्टी लागू असतील तर ॲपिक्साबॅनचा डोस निम्मा करतात. नुसत्या भीतीपोटी निम्मा केलेला डोस पुरेसे संरक्षण देत नाही, आणि आपल्याकडे हे सर्रास होते.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थेंब टाकून बधिर करून होणार असेल, तर बहुतेक वेळा ही गोळी बंदही करावी लागत नाही. नेत्रतज्ज्ञांना गोळीचे नाव आधी सांगा. थायरॉइडची तपासणी आणि टूडी इको करून घ्या. ठोके फार जलद नसतील तर ते नियंत्रित ठेवणे पुरते. लय पूर्ववत करण्याचे प्रयत्न मात्र निदानानंतरच्या पहिल्या वर्षात झाले तर फायदा होतो, असे युरोपात २०२० मध्ये दिसून आले आहे, म्हणून ‘त्रास नाही ना, मग राहू द्या’ एवढ्यावर न थांबता तज्ज्ञांशी एकदा बोलून घ्या.

प्रश्न : माझ्या ३८ वर्षांच्या बहिणीच्या मायट्रल झडपेचा (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचा) आजार लहानपणच्या संधिवातामुळे झाला. सहा वर्षांपूर्वी फुग्याने झडप उघडली. आता एएफ झाले आहे आणि वॉरफरिन सुरू आहे. दर महिन्याला आयएनआरसाठी (रक्त किती पातळ झाले ते पाहणाऱ्या तपासणीसाठी) तालुक्याला जावे लागते, पालेभाज्या बंद केल्या आहेत. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या तिला का देत नाहीत? (गडहिंग्लज)

उत्तर : डॉक्टरांचे बरोबर आहे. वरच्या उत्तरात ज्या नव्या गोळ्यांची भलामण केली, त्या लहानपणच्या संधिवाताच्या तापाने (ऱ्हुमॅटिक फीवरने) मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांना देत नाहीत. भारतासह अनेक देशांतील साडेचार हजारांवर रुग्णांना घेऊन हीच तुलना केली गेली आणि २०२२ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नवी गोळी सरस ठरेल अशी पुष्कळांची अटकळ होती. प्रत्यक्षात वॉरफरिनच्या गटातील रुग्णांमध्ये मृत्यू कमी झाले आणि रक्तस्रावही वाढला नाही. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांनाही वॉरफरिन किंवा त्याच गटातली गोळी घ्यावी लागते, तिथेही नव्या गोळ्या वर्ज्य आहेत.

पालेभाज्या बंद करण्याची मात्र गरज नाही. वॉरफरिन के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते आणि पालक, मेथी, अळू यांत ते भरपूर असते. म्हणून भाजीचे प्रमाण आठवड्यागणिक फार बदलू नये, एवढेच पथ्य. डोस तिच्या नेहमीच्या जेवणावर बसवता येतो. श्रावणात महिनाभर उपवासाचे जेवण आणि पुढच्या महिन्यात रोज भाजी-भाकरी असे झाले, की आयएनआर वरखाली होतो. असा बदल होणार असेल तेव्हा आठवडाभराने एक जादा तपासणी करावी. तिच्यासाठी आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान हवा.

अन्नापेक्षा औषधांनी होणारा गोंधळ अधिक धोक्याचा असतो. जुलाबासाठी घेतलेले मेट्रोनिडॅझोल किंवा बुरशीसाठी घेतलेले फ्लुकोनॅझोल आयएनआर झपाट्याने वाढवते. क्षयाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन तो पाडते. घटक न छापलेली चूर्णे आणि काढे टाळावेत. तो संधिवाताचा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी देतात ते पेनिसिलिनचे इंजेक्शन कुठवर पोचले, हेही विचारा. झडप खराब झालेल्यांना ते किमान दहा वर्षे किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यांपैकी जे लांबेल तोवर, आणि कधी त्याहीपुढे द्यावे लागते. पुष्कळ ठिकाणी फुग्याची प्रक्रिया झाली की ‘आता झडप उघडली’ म्हणून ते परस्पर सुटते. तिला मूल हवे असेल, तर गर्भधारणेच्या आधी हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटावे, कारण वॉरफरिनमुळे पहिल्या तिमाहीत गर्भाला व्यंग येऊ शकते.

प्रश्न : वय २७, आयटीत नोकरी. रात्री पडल्यावर ठोका चुकल्यासारखा वाटतो, मग एक जोराचा ठोका पडतो. स्मार्टवॉचवर रोज दहा-बारा वेळा ईसीजी काढतो. त्यात कधी ‘अनिर्णित’ येते. झोप उडाली आहे. (पुणे)

उत्तर : ठोका चुकलेला नसतो, तो लवकर पडून गेलेला असतो. त्यानंतर हृदय क्षणभर थांबते आणि पुढचा ठोका जास्त रक्त घेऊन जोरात पडतो, तो तुम्हाला जाणवतो. दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात. त्यात असे काही अवेळी ठोके निरोगी माणसातही सापडतात. डाव्या कुशीवर, शांत खोलीत ते अधिक कळतात.

एक नीट काढलेला बारा लीडचा ईसीजी, टूडी इको, हिमोग्लोबिन, पोटॅशियम, थायरॉइड आणि एकदाच २४ तासांचे होल्टर, एवढे पुरे. होल्टरवर अवेळी ठोके एकूण ठोक्यांच्या १० टक्क्यांहून कमी आणि इको नॉर्मल असेल, तर सहसा उपचारही लागत नाहीत. प्रमाण त्याहून बरेच जास्त असेल तर काळाने स्नायू कमजोर होऊ शकतो. मग गोळी किंवा ॲब्लेशन. पळताना चक्कर येऊन पडलात, किंवा घरात चाळिशीच्या आत कोणाचा अचानक मृत्यू झाला असेल, तर मात्र हे सारे बाजूला ठेवून लगेच तपासणी हवी. अशी माहिती आपल्याकडे ‘देवाघरी गेला’ एवढ्यावर मिटवली जाते, म्हणून आजी-आजोबांना नीट विचारा.

घड्याळाचा उपयोग आहे, पण तो कोणाला? स्टॅनफर्डच्या सहभागाने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार लाखांवर लोकांनी घड्याळ वापरले. त्यातील जेमतेम अर्ध्या टक्क्याला अनियमित नाडीची सूचना आली, आणि चाळिशीच्या आतल्यांत तर हे प्रमाण आणखी कमी होते. एकाच लीडच्या या पट्टीवर हार्ट अटॅक ओळखता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. धडधड होत असतानाच पट्टी काढा, एरवी ते ॲप बंद ठेवा.

प्रश्न : ठोके अनियमित असतील तर चहा सोडावा का? अर्जुनाची साल उकळून घेतली तर चालेल का? (अकोला)

उत्तर : दोन-तीन कप चहाने बहुतेकांचे बिघडत नाही, ज्याला चहानंतर हमखास त्रास होतो त्याने सोडावा. दारूचे तसे नाही. एएफच्या रुग्णांनी ती सोडली की झटके कमी होतात, हे ऑस्ट्रेलियातील २०२० च्या अभ्यासात स्पष्ट दिसले. अर्जुनाची साल ठोक्याच्या विकारावर उपचार म्हणून मी सुचवणार नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मुळीच नाही.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत. महिनाभरात दोनदा बेशुद्ध होऊन पडले, एकदा कपाळाला टाके पडले. नाडी ३४ होती. पेसमेकर सांगितला आहे. ते म्हणतात, ‘आता या वयात छातीत यंत्र कशाला, गोळीने होईल ते करा.’ आम्हालाही मोबाइल, इंडक्शन शेगडी यांची भीती वाटते. (लातूर)

उत्तर : आधी एक साधी चौकशी करा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल किंवा डिल्टियाझेम चालू आहे का? काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब डोळ्यांत घालतात का? ते थेंब रक्तात शोषले जाऊन वृद्धांची नाडी मंदावू शकते, आणि औषधांची यादी सांगताना थेंब हमखास विसरले जातात. रक्तातले पोटॅशियमही पाहावे. ही कारणे नसतील आणि ईसीजीत संपूर्ण हार्ट ब्लॉक असेल, तर त्यावर दीर्घकाळ उपयोगी पडेल अशी गोळी उपलब्ध नाही. हा ‘ब्लॉक’ रक्तवाहिनीतला नव्हे, विद्युत्संदेशाच्या वाटेतला आहे. त्यामुळे अँजिओप्लास्टीने तो जाणार नाही.

वयाविषयी वडिलांना हे वाचून दाखवा. शरीराच्या आत बसवलेला जगातील पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसला आणि काही तासांतच बंद पडला. पुढे आयुष्यभरात त्यांना २६ पेसमेकर लागले आणि ते २००१ मध्ये ८६ व्या वर्षी निवर्तले. आजच्या यंत्राची बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षे चालते. गळ्याच्या हाडाखाली भूल देऊन तासाभरात ते बसवतात, छाती उघडावी लागत नाही. पुन्हा पडून खुब्याचे हाड मोडणे हे या प्रक्रियेपेक्षा कितीतरी मोठे संकट आहे.

नंतर चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये, पण हात अगदी जखडूनही ठेवू नये, नाहीतर खांदा आखडतो. मोबाइल खुशाल वापरावा, फक्त शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात ठेवू नये; १५ सेंटिमीटरचे अंतर पुरते. चालू इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब राहावे. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह यांची भीती नाही. चुंबकाच्या गाद्या आणि पट्टे घरात आणू नयेत. एमआरआय लागल्यास चालेल असे यंत्र आहे का, ते आधी विचारा आणि यंत्राचे ओळखपत्र पाकिटात ठेवा. खर्चाची अडचण असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करा. एक गोष्ट बोलायला अवघड, पण घरच्यांना माहीत हवी : अंत्यसंस्कारापूर्वी पेसमेकर काढून घ्यावा लागतो, कारण बॅटरी आगीत फुटते.

यंत्र बसेपर्यंत वडिलांनी दुचाकी चालवू नये, आणि न्हाणीघराच्या दाराला आतून कडी लावू नये.

प्रश्न : माझे पती ५३ वर्षांचे. पहाटे छातीत जळजळ आणि डावा जबडा दुखू लागला. ॲसिडिटी समजून सोडा प्यायले, मग शेजाऱ्यांनी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली. रुग्णालयात पोचायला नऊ तास गेले. अँजिओप्लास्टी झाली, पण हृदयाचे पंपिंग ३० टक्केच आहे. याला तीन आठवडे झाले. एका डॉक्टरांनी शॉक देणारे यंत्र बसवायला सांगितले, दुसरे म्हणतात थांबा. कोणाचे ऐकावे? (वेंगुर्ला)

उत्तर : आत्ता थांबा म्हणणाऱ्यांचे ऐका, पण पूर्णविराम देऊ नका.

रक्तवाहिनी बंद पडली की स्नायू मिनिटागणिक मरू लागतो, आणि मेलेल्या स्नायूच्या जागी जो व्रण राहतो त्याच्या कडेने पुढे जीवघेणा जलद ठोका सुरू होऊ शकतो. मधल्या जिवंत पण बधिर झालेल्या स्नायूला सावरायला काही आठवडे लागतात. म्हणून अटॅकनंतर निदान ४० दिवस, आणि स्टेंट घातला असेल तर तीन महिने, पूर्ण औषधे देऊन पुन्हा इको करतात. तेव्हाही पंपिंग ३५ टक्क्यांच्या आत राहिले आणि चालताना दम लागत असेल, किंवा ३० टक्क्यांपर्यंतच राहिले, तर हे यंत्र बसवतात. पहिले असे यंत्र १९८० मध्ये बाल्टिमोरमध्ये बसवले गेले. ते स्नायू सुधारत नाही. जीवघेणा ठोका ओळखून काही सेकंदांत शॉक देते, एवढेच त्याचे काम. घाईने बसवलेल्या यंत्राने एकूण मृत्यू कमी होत नाहीत, हे २००४ मध्ये दिसून आले आहे. या तीन महिन्यांत मात्र बेशुद्धी आली किंवा होल्टरवर जलद ठोक्यांची माळ दिसली, तर हा हिशेब बदलतो.

तोवर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), बीटा ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारी गोळी) आणि हृदयाच्या कमजोरीवरची औषधे एक दिवसही चुकू देऊ नका. बरे वाटते म्हणून स्टेंटनंतरच्या गोळ्या थांबवणे हा स्टेंट बंद पडण्याचा सर्वांत सोपा रस्ता आहे. रोज सकाळी वजन लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर अंगात पाणी साचते आहे असे समजून फोन करा.

सॉर्बिट्रेटविषयी : ती रक्तदाब पाडते आणि बंद रक्तवाहिनी उघडत नाही. छातीत दुखत असताना ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून खावी, १०८ ला फोन करावा आणि दहा मिनिटांत ईसीजी होईल अशा ठिकाणी जावे. दुचाकीवर बसवून नेऊ नये. अँजिओप्लास्टीची सोय दोन तासांत गाठता येणार नसेल, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेऊन मग पुढे निघावे. तुमच्या भागातून मोठे शहर लांब आहे, तेव्हा हे इंजेक्शन सर्वांत जवळ कुठे मिळते, ते चौकशी करून ठेवा. अशा वेळी माणूस एकाएकी कोसळला, प्रतिसाद देत नसला आणि नीट श्वास घेत नसला, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे असतात. तुम्ही आणि घरातील आणखी एकाने ते प्रत्यक्ष शिकून घ्या. पुढच्या इकोची तारीख आजच ठरवा, आणि त्या दिवशी अटॅकच्या वेळचा पहिला ईसीजी, अँजिओग्राफीची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.